गुण काठावरचे, कॉलेज कोणते?



सीईटीचा निकाल लागला की या सदराकडे एकाच तऱ्हेची पत्रे येऊ लागतात. ज्यांना भरघोस गुण मिळाले ते पत्र लिहीत नाहीत, त्यांचा रस्ता मोकळा असतो. ज्यांचे फारच कमी आले तेही लिहीत नाहीत. पत्रे येतात ती मधल्यांची. गुण ना धड वर, ना धड खाली. वकिलीला जायचे तर आहे, पण कुठे अर्ज करावा हे घरात कोणालाच सांगता येत नाही, कारण त्या घरातून वकिलीच्या कॉलेजात जाणारे ते पहिलेच मूल असते.

अंबरनाथच्या एका भगिनीने लिहिले आहे, की त्यांची थोरली मुलगी बी.ए. झाली, ४७ टक्के पडले. तीन वर्षांच्या एलएल.बी.ची सीईटी दिली, गुण मध्यम आले. पती कंत्राटी कामगार, भगिनी स्वतः चार घरची कामे करतात. मुलगी म्हणते, मुंबईचे सरकारी लॉ कॉलेज मिळाले तरच शिकेन. दीर म्हणतात, एवढ्या गुणांवर कोण घेणार, त्यापेक्षा नोकरी बघ. आणि एक ओळखीचा माणूस घरी येऊन सांगून गेला, की दीड लाखाची सोय करा, मी आत बसवून देतो. भगिनी विचारतात, पतपेढीतून कर्ज काढू का?

ताई, कर्ज काढू नका. का काढायचे नाही आणि त्याऐवजी काय करायचे, ते सविस्तर लिहितो. आपल्यासारख्या अनेक घरांना ते उपयोगी पडेल.

आधी पात्रता, मग चिंता

काठावरचे गुण दोन प्रकारचे असतात, आणि आपल्याकडे त्यांची गल्लत होते. एक पदवीचे किंवा बारावीचे, दुसरे सीईटीचे.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवीत आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला बारावीत किमान ४५ टक्के लागतात. इतर मागासवर्गासाठी ही अट ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के आहे. ही दाराची चौकट समजा. चौकटीच्या आत आलात की पुढे टक्के कोणी मोजत बसत नाही. गुणवत्ता यादी लागते ती सीईटीच्या गुणांवर. पदवीचे गुण पुन्हा पाहतात ते दोघांचे सीईटीचे गुण सारखे झाले तरच. म्हणजे ताईंच्या मुलीच्या ४७ टक्क्यांनी तिचे काही बिघडलेले नाही. दिरांना हे जरूर सांगावे.

मात्र चौकटीच्या बाहेर राहिलात तर गुणवत्ता उपयोगाची नाही. ३९.८ ला ४० धरतील अशा भरवशावर राहू नये. त्यापेक्षा एखादा विषय पुन्हा देऊन श्रेणीसुधार करता येतो का, हे विद्यापीठात विचारावे.

आणखी एक गोष्ट आपल्या कामकरी घरांनी नीट लक्षात ठेवावी. मुक्त विद्यापीठातून किंवा बाहेरून परीक्षा देऊन पदवी घेतली असेल तर अडचण नाही. परंतु बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठाच्या पदवीला प्रवेश घेतला असेल, तर ती पदवी एलएल.बी.साठी चालत नाही, असे याच नियमांत म्हटले आहे. नोकरी सांभाळून मोठ्या कष्टाने बी.ए. झालेले कितीतरी बांधव या एका अटीवर अडतात. दहावी, मग बारावी, मग पदवी ही साखळी पूर्ण असली पाहिजे. ज्यांना पुढेमागे वकिली करावयाची इच्छा आहे त्यांनी बारावी आधी करून घ्यावी. वयाची चिंता नको, राज्याच्या सीईटीला वयाची अट नाही.

यंत्र आपला अर्ज कसा वाचते

महाराष्ट्रात विधी महाविद्यालयांचे प्रवेश २०१६ पासून राज्याच्या सीईटीवर होतात. परीक्षा दिल्यावर प्रवेशासाठी वेगळी नोंदणी करावी लागते, कागदपत्रे तपासली जातात, गुणवत्ता यादी लागते आणि मग कॉलेजांचा पसंतीक्रम भरावयाचा असतो. सीईटी दिली म्हणजे अर्ज झाला, असे समजून घरी बसलेली मुले दरवर्षी भेटतात. परीक्षा वेगळी आणि प्रवेशाची नोंदणी वेगळी, हे आधी ध्यानात घ्यावे.

पसंतीक्रम भरताना मुले घाबरतात. "मोठ्या कॉलेजला पहिला नंबर दिला आणि ते नाही मिळाले, तर खालचेही हातचे जाईल" असे त्यांना वाटते. ही भीती खोटी आहे. गुणवत्ता यादीत आपला क्रमांक आला की संगणक आपली यादी वरून खाली वाचत जातो. पहिल्या कॉलेजात आपल्याला लागू असलेली जागा शिल्लक आहे का? नसेल तर दुसरे. नसेल तर तिसरे. जिथे जागा सापडली तिथे तो थांबतो. आपण त्या कॉलेजला सातव्या नंबरवर लिहिले होते म्हणून ते आपल्यावर रुसत नाही. तेव्हा यादी भरावयाची ती मनातल्या आवडीच्या क्रमाने. भीतीने क्रम लावला, तर जे वरचे कदाचित मिळाले असते ते आपण आपल्या हाताने सोडून देतो.

याला एक पथ्य आहे. पहिल्या नंबरचे कॉलेज मिळाले की बहुधा तेच घ्यावे लागते, पुढच्या फेरीत जाता येत नाही. जिथे जाणे खरोखर शक्य नाही ते कॉलेज केवळ नावासाठी पहिले लिहू नये. फेऱ्यांचे नियम वर्षागणिक थोडे बदलतात. त्या वर्षीची माहिती पुस्तिका घरातल्या शिकलेल्या मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावी, सगळ्यांनी ऐकावी.

वहीची तीन पाने

आता मुख्य प्रश्न, यादीत लिहावयाचे काय? एक वही घ्या आणि तिची तीन पाने करा.

पहिल्या पानावर अशी कॉलेजे लिहा, जिथे गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या प्रवर्गाची यादी आपल्यापेक्षा थोड्या अधिक गुणांवर बंद झाली. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ चे. बाबासाहेब १९३५ साली त्याचे प्राचार्य झाले. सरकारी असल्यामुळे फी अगदी थोडी, म्हणून तिथे झुंबड असते. पुण्याचे आय.एल.एस. १९२४ चे, तिथेही तसेच. काठावरच्या मुलाने ही नावे गाळू नयेत, परंतु त्यांच्यावर विसंबूही नये. दुसऱ्या पानावर जिथे यादी आपल्या गुणांच्या आसपास थांबली ती कॉलेजे. तिसऱ्या पानावर जिथे आपल्यापेक्षा बऱ्याच कमी गुणांना जागा मिळाली ती. पहिल्या पानावर तीन-चार, दुसऱ्यावर सर्वांत जास्त, आणि तिसऱ्यावर निदान तीन नावे हवीतच. काठावरची मुले रिकामी राहतात ती बहुतेक तिसरे पान न भरल्यामुळे.

मागील वर्षांच्या याद्या सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर असतात. पाहताना चार गोष्टी सांभाळा. तीन वर्षांची यादी पाच वर्षांच्या यादीशी ताडू नये. आपलाच प्रवर्ग पाहावा. खुल्या प्रवर्गाचा आकडा पाहून हातपाय गाळू नयेत, आणि आपल्या प्रवर्गाचा आकडा पाहून निर्धास्तही होऊ नये. पहिल्या फेरीचा आकडा आणि शेवटच्या फेरीचा आकडा दोन्ही पाहावे, कारण वरची मुले दुसरीकडे गेली की यादी खाली येते. आणि एकाच वर्षाचा आकडा ब्रह्मवाक्य मानू नये, पेपर सोपा-कठीण झाला की तो हलतो.

राज्यात अनुसूचित जातींना १३ टक्के जागा आहेत. गुण चांगले असतील तर आपला मुलगा खुल्या जागेवरही बसतो आणि राखीव जागा दुसऱ्या भावंडाला राहते. हा हक्क आहे, उपकार नव्हे. सवलतीवर आला म्हणून कोणी टोचून बोलले तरी मुलांनी मान खाली घालू नये.

नावापेक्षा चार गोष्टी पाहा

दुसऱ्या आणि तिसऱ्या पानावरील कॉलेजांचा आपसात क्रम कसा लावावा? नाव ऐकलेले आहे म्हणून नव्हे. पुढील चार गोष्टींवर लावावा.

पहिली, मान्यता. कॉलेजला बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता चालू आहे का? ती नसेल तर पदवी हाती येऊनही सनद मिळत नाही. 

दुसरी, फी आणि शिष्यवृत्ती. अनुदानित आणि विनाअनुदानित तुकडीच्या फीत मोठा फरक असतो, एकाच कॉलेजात दोन्ही असू शकतात. विनाअनुदानित कॉलेजांची फी राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ती जाहीर असते. घरचे उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असेल तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. त्याहून अधिक असेल तर राज्याची शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची सवलत आहे, जिला आपण फ्रीशिप म्हणतो. अर्ज महाडीबीटीवर करावयाचा. मात्र त्यासाठी प्रवेश सरकारी फेरीतून झालेला असला पाहिजे. शिष्यवृत्तीची काही रक्कम आता थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येते, त्यातली फी कॉलेजात भरावयाची असते. घरात कितीही नड असली तरी त्या पैशाला हात लावू नये, नाहीतर परीक्षेच्या वेळी फॉर्म अडतो.

तिसरी, राहणे आणि जाणे-येणे. बार कौन्सिलच्या नियमांत ७० टक्के हजेरीची अट आहे. दोन गाड्या बदलून जाणारी मुलगी पहिल्या पावसाळ्यातच थकते. घराजवळचे, रोज जाता येईल असे कॉलेज पुष्कळदा मोठ्या नावाच्या कॉलेजपेक्षा बरे. मुंबईत तीन वर्षांचे वर्ग बऱ्याच ठिकाणी सकाळी भरतात, दुपारून काम करणाऱ्यांना ते सोयीचे पडते. घरापासून दूर दुसऱ्या गावी राहावे लागले तर आधी समाजकल्याणच्या वसतिगृहाचा अर्ज करावा. तिथे जागा न मिळाल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ती २०१६-१७ पासून सुरू आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत तिच्यातून भोजन, निवास आणि निर्वाहासाठी वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत मिळतात. उत्पन्नाची आणि गुणांची अट आहे, ती वाचून घ्यावी.

चौथी, कोर्ट. वकिली वर्गात निम्मी शिकली जाते, उरलेली कोर्टात. कॉलेजच्या गावी जिल्हा न्यायालय आहे का, मुलांना तिथे पाठवतात का, विधी सेवा प्राधिकरणाचे काम करू देतात का, हे तिथल्या शिकणाऱ्या मुलांना विचारा. नांदेड, लातूर, अमरावती, अकोला इथे विधी महाविद्यालयेही आहेत आणि जिल्हा न्यायालयेही. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे उच्च न्यायालयाची खंडपीठे आहेत. नागपूरला विद्यापीठाचे स्वतःचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय आहे. कोल्हापूरला शहाजी विधी महाविद्यालय १९३३ पासून आहे आणि ऑगस्ट २०२५ पासून तिथे उच्च न्यायालयाचे सर्किट बेंचही बसू लागले. मुंबईत फोर्टला सिद्धार्थ विधी महाविद्यालय आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९५६ साली सुरू केले, तेही दिवसभर कामावर राबणाऱ्यांच्या मुलांना कायदा शिकता यावा म्हणून. अशा ठिकाणी काठावरचा विद्यार्थी पहिल्या वर्षापासून कोर्टाची पायरी चढू लागला, तर पाच वर्षांनी त्याचे सीईटीचे गुण कोणी विचारत नाही.

कागद आधी, कॉलेज मागाहून

आता कागदांचे. राखीव जागेला जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागते. ते जिल्हा जात पडताळणी समिती देते आणि एकदा मिळाले की जन्मभर चालते. निकालानंतर धावपळ करून ते मिळत नाही. मूल अकरावीत असतानाच अर्ज करावा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा व जातीचा पुरावा मागतात. आजोबांच्या शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूच्या नोंदीचा उतारा, जुनी जमिनीची कागदपत्रे, जे असेल ते शोधावे. वडिलांकडील रक्ताच्या नात्यात कोणाला वैधता मिळाली असेल तर तिची प्रत मोठा आधार ठरते.

आजोबांच्या दाखल्यावर पूर्वीची जात आणि वडिलांच्या दाखल्यावर "बौद्ध" असे असते, म्हणून कित्येक घरे बिचकतात. बिचकण्याचे कारण नाही. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना केंद्रातही तो दर्जा मिळाला आहे. दोन्ही दाखले जोडावेत, काही लपवू नये, खाडाखोड तर मुळीच करू नये. आणि नॉन-क्रिमिलेअरच्या दाखल्यासाठी तहसीलचे खेटे घालू नयेत, अनुसूचित जातींना तो लागत नाही. उत्पन्नाचा दाखला मात्र लागतो.

आत बसवून देणारे

आता त्या ओळखीच्या माणसाविषयी. प्रवेशासाठी फीखेरीज पैसे घेणे हा महाराष्ट्रात १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. कायदा शिकावयास जाताना पहिले पाऊल कायदा मोडून टाकू नये, एवढे तर खरेच. पण हिशेबही पाहा. संस्थेच्या कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला शिष्यवृत्ती व फ्रीशिप मिळत नाही. म्हणजे दीड लाख गेले, वर तीन वर्षांची पूर्ण फी आली, आणि पतपेढीचे व्याज वेगळे. पैसे घेणारा पावती देत नाही, म्हणून काम न झाल्यास दादही मागता येत नाही.

याहून मोठे कारण पुढे आहे. एलएल.बी. झाल्यावर लगेच मिळकत सुरू होत नाही. सनद घ्यावी लागते, अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागते, ज्येष्ठ वकिलाकडे उमेदवारी करावी लागते. सनदेच्या बाबतीत एक चांगली गोष्ट घडली. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी निर्णय दिला, की बार कौन्सिलांनी कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा अधिक नोंदणी फी घेऊ नये. ती सर्वसाधारण उमेदवारांना ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये आहे. पण उमेदवारीची दोन-तीन वर्षे कोरडीच जातात. न्यायाधीश व्हावयाचे म्हटले तरी सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या निकालापासून कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आली आहे. घरचे बळ त्या वर्षांसाठी राखून ठेवावयाचे आहे. प्रवेशालाच सगळे बळ खर्ची पडले, तर मूल पदवी घेऊन दुसऱ्याच्या दुकानात बसते. आमच्या माहितीत असे किती तरी एलएल.बी. आहेत, ज्यांच्या अंगावर काळा कोट कधी चढलाच नाही. गुण काठावर असले तरी चालतात, पण खिसा काठावर असेल तर त्याला जपावे लागते.

राष्ट्रीय विधी विद्यापीठे आणि एक वर्ष थांबणे

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत. त्यांचा बारावीनंतरचा प्रवेश क्लॅट या परीक्षेवर होतो. ती फक्त इंग्रजीत असते आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तराला पाव गुण कापतात. राज्याची सीईटी मराठीतही देता येते आणि तिथे गुण कापत नाहीत. क्लॅट अलीकडे डिसेंबरात होते, राज्याची सीईटी त्यानंतर. एकीने दुसरीचे नुकसान होत नाही. मुलाचे इंग्रजी वाचन चांगले असेल तर जरूर बसवावे, पण २०२६ च्या क्लॅटला अनुसूचित जातींनाही अर्जाची फी साडेतीन हजार होती. हौसेखातर हा खर्च करू नये.

बारावीला काठावर गुण असतील आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात मनासारखी जागा मिळत नसेल, तर गावच्या अनुदानित कॉलेजातून बी.ए. किंवा बी.कॉम. करून मग तीन वर्षांची एलएल.बी. करता येते. एक वर्ष अधिक जाते, पण सीईटीला दुसरी संधी मिळते आणि हाती एक पदवी राहते.

मोठ्या नावासाठी वर्ष फुकट घालविणे आम्हाला पटत नाही. आजारपणामुळे किंवा घरच्या संकटामुळे पेपर बिघडला असेल तर थांबण्यात अर्थ आहे. अन्यथा जी जागा मिळते ती घ्यावी आणि अभ्यासाला लागावे. मुलींच्या बाबतीत तर हे अधिक खरे, कारण घरी बसलेल्या मुलीला वर्षभरात स्थळे येऊ लागतात आणि सीईटीचे पुस्तक माळ्यावर जाते.

तेव्हा अंबरनाथच्या ताई, मुलीला तिच्या आवडीचे सरकारी कॉलेज पहिल्या नंबरवर लिहू द्या. तिची हौस मोडू नका. पण त्याखाली सिद्धार्थसारखी मुंबईतली आणि कल्याण-ठाण्याकडील मान्यता असलेली आठ-दहा नावे तिच्याकडून लिहून घ्या, आणि कोणत्याही नंबरवर जागा लागली तरी ती घ्यावयाची, हे फॉर्म भरण्याआधीच तिच्याशी बोलून ठरवा. दिरांनाही त्या बोलण्यात बसवा. उत्पन्नाचा दाखला या आठवड्यात काढा. पतपेढीत जाऊ नका.

इतर वाचकांनी पत्र लिहिताना विद्यार्थ्याचे शिक्षण, पदवीचे टक्के, सीईटीचे गुण, जिल्हा आणि वैधता प्रमाणपत्र आहे की नाही, एवढे स्पष्ट लिहावे. नाव छापले जाणार नाही. पुढील अंकी वैधतेच्या अर्जाला कोणकोणती कागदपत्रे जोडावीत आणि समितीने त्रुटी काढली तर काय करावे, ते पाहू.